पाठीवर काय बांधायचं? जॅकेट, विंग आणि पंधरा किलोंचं गणित

ज्यांना नाशिक फाट्याच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा एपिसोड ऐकूच आला नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हे लिखित रूप. बोलताना आकडे घाईघाईत सांगितले होते, ते इथे नीट मांडलेत. नवीन ऐकणाऱ्यांसाठी सांगतो: मी मोशीला राहतो, तळवड्याच्या आयटी पार्कात कोड लिहितो, आणि वर्षातून दोन-तीनदा सुट्टी टाकून पाण्याखाली जातो.

मागच्या भागात ओपन वॉटर कोर्सबद्दल बोललो होतो. त्यानंतर एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत आला: "दादा, बीसीडी कोणता घेऊ?" मी ब्रँडचं नाव सांगणार नाहीये. आधी एक प्रसंग सांगतो, मग गणित. त्यातून उत्तर तुमचं तुम्हालाच सापडेल.

तो पाच मीटरचा स्टॉप

अंदमान, हॅवलॉक, म्हणजे आताचं स्वराज द्वीप. कोर्स झाल्यावरची माझी तिसरी फन डाइव्ह. सोबत माझी धाकटी मावसबहीण, तीच माझी बडी. भाड्याचं जॅकेट मिळालं ते एक्सएल. मी मीडियमवाला माणूस. कमरेला आठ किलो शिसं. मी विचारलं, "एवढं लागेल?" उत्तर आलं, "नवीन आहात, खाली जायला बरं पडतं." दुकानाचं नाव घेत नाही, कारण अर्धी चूक माझीच होती. मी मान डोलावली आणि बेल्ट बांधला.

डाइव्ह सुंदर झाली. वर येताना पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं असतं, सेफ्टी स्टॉप. तिथे पोचलो आणि जाणवलं, की मी थांबतच नाहीये. हळूहळू वर सरकतोय. इन्फ्लेटरचा नळ वर धरला, हवा सोडायचं बटण दाबलं. थोडे बुडबुडे निघाले, पण जॅकेट इतकं ढिलं होतं की ते कानांपर्यंत वर सरकलं होतं आणि हवेचा फुगा भलत्याच कोपऱ्यात अडकला होता. पुढच्या काही सेकंदांत मी बाटलीचं बूच उडावं तसा पृष्ठभागावर.

वर आल्यावर पहिली गोष्ट ऐकली ती बोटीच्या इंजिनाची. आमची बोट नव्हती, दुसरीच कोणाची तरी. बरीच लांब होती, काही झालं नाही. पण खाली बहीण एकटी, मी वर, आणि दोघांच्या मध्ये पाच मीटर पाणी. ती नियमाप्रमाणे स्टॉप पूर्ण करून गाइडबरोबर वर आली आणि मास्क काढून एवढंच म्हणाली, "दादा, मी मागे वळले तर तू नव्हतासच."

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. वेगाने वर येणं हा नुसता फजितीचा विषय नाही. श्वास रोखलेला असेल तर फुप्फुसातली हवा प्रसरण पावून फुप्फुस फाटू शकतं, रक्तातल्या नायट्रोजनचा त्रास होऊ शकतो, आणि डोक्यावर बोट असू शकते. पुण्याला परत आल्यावर मी दोन आठवडे हेच वाचत बसलो: पाठीवरची ती पिशवी नेमकं काय करते?

पिशवीचं काम एकच

मालवणला गेलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी 'स्कूबा' केलेलं असतं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास बोट थांबते, प्रशिक्षक मागून आपली टाकी धरतो, आपण मासे बघतो, अंगठा दाखवतो आणि संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ येतो. मजा येते, पण त्यात वर-खाली होणं आपल्या हातात नसतं. ते प्रशिक्षकाच्या हातात असतं. कोर्स केलेल्या डायव्हरला ते स्वतः करावं लागतं, आणि त्यासाठीचं साधन म्हणजे बीसीडी, बॉयन्सी कंट्रोल डिव्हाइस. आर्किमिडीज शाळेत शिकलोय: वस्तू जेवढं पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतकं बल तिला वर ढकलतं. बीसीडीमध्ये एक लिटर हवा भरली, तर आपण एक लिटर जास्त पाणी बाजूला सारतो, म्हणजे साधारण एक किलो वरचा जोर मिळतो. संपलं. एवढंच त्याचं काम.

भानगड बॉइलच्या नियमात आहे. दहा मीटरवर दाब दुप्पट, म्हणजे दोन बार. पाच मीटरवर दीड बार. दाब कमी झाला की तीच हवा फुगते.

आता माझ्या आठ किलोंचं बघू. नंतर नीट तपासलं तेव्हा कळलं, की त्या सूटमध्ये आणि त्या टाकीबरोबर मला चारच किलो पुरतात. म्हणजे चार किलो जादा. ते तोलायला मला सतत चार लिटर जादा हवा जॅकेटमध्ये ठेवावी लागत होती. दहा मीटरवरची चार लिटर हवा पाच मीटरवर येता येता सव्वापाच लिटरच्या थोडी वर जाते. म्हणजे मी काही न करता सव्वा किलोचा जोर मला वर ढकलायला लागला. त्यात टाकीतली हवा संपून टाकी हलकी झालेली, वर सूटसुद्धा फुगलेला. जास्त शिसं बांधल्यामुळे मी बुडायला हवा होतो ना? उलट झालं. जास्त शिसं, म्हणून जास्त हवा. जास्त हवा, म्हणून जास्त फुगणं.

या भागातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे, पुढचं वाचलं नाही तरी चालेल: बीसीडी बदलण्याआधी वजन तपासा. महागडं जॅकेटसुद्धा चार किलो जादा शिशाची चूक दुरुस्त करू शकत नाही.

तपासायचं कसं? डाइव्ह संपल्यावर, टाकीत साधारण ५० बार उरलेले असताना, बीसीडीतली सगळी हवा काढा आणि नेहमीसारखा श्वास घेऊन स्थिर राहा. पाणी डोळ्यांच्या पातळीला हवं. श्वास सोडला की हळूच खाली जायला हवं. दगडासारखे गेलात तर शिसं जास्त. पूलमध्ये तपासलं असेल तर एक लक्षात ठेवा: समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असतं. तुम्ही आणि सगळं सामान मिळून ९५ किलो असाल, तर समुद्रात साधारण २.४ किलो जास्त लागेल.

तीन प्रकार

थोडा इतिहास. १९४३ मध्ये कूस्तो आणि गान्यां यांनी अॅक्वालंग बनवला, तेव्हा बीसीडी नावाचं काही नव्हतंच. टाकी, पट्टे, शिसं, बाकी सगळं फुप्फुसांच्या जोरावर. १९६१ मध्ये फ्रान्समधल्या फेन्झीचा गळ्यात घालायचा फुगा आला. १९७१ मध्ये स्कूबाप्रोने बंडीसारखं घालायचं 'स्टॅबिलायझिंग जॅकेट' आणलं, आणि आज भाड्याने मिळतं ते त्याचंच वंशज. तिकडे फ्लोरिडातल्या पाण्याखालच्या गुहांमध्ये जाणाऱ्या मंडळींना पोटावर फुगणारं काहीच नको होतं. त्यांनी पाठीला धातूची पाटी लावली, तिच्यातून एकच सलग पट्टा ओवला आणि हवेची पिशवी पाटी व टाकीच्या मध्ये बसवली. विल्यम हॉगार्थ मेन या गुहा-डायव्हरच्या नावावरून अशा साध्या मांडणीला 'हॉगार्थियन' म्हणतात.

आज दुकानात दिसतं ते या तीन घरांतलं.

पहिलं, जॅकेट. हवा पाठीला, बगलेला, पोटाजवळ सगळीकडे. पृष्ठभागावर आरामात उभं ठेवतं. मालवणात बोट यायची वाट बघत लाटांवर दहा मिनिटं डुलायचं असेल, तर याच्यासारखं सुख नाही. खिसे असतात, शिसं ठेवायची सोय असते. तोटे: पोट आवळतं, अस्तर आणि पॅडिंगमुळे ते स्वतःच थोडं तरंगतं, आणि वजन साधारण तीन ते साडेचार किलो.

दुसरं, बॅक-इन्फ्लेट. दिसायला जॅकेटच, पण हवा फक्त पाठीकडे. पाण्याखाली आडवं राहणं सोपं. याचीच हलकी आवृत्ती म्हणजे ट्रॅव्हल बीसीडी: कडक पाटी काढून टाकलेली, कापड पातळ, दोन-अडीच किलोंत काम, गुंडाळून बॅगेत जातं.

तिसरं, बॅकप्लेट आणि विंग. धातूची पाटी, पन्नास मिलिमीटर रुंदीचा पट्टा, दोन्ही पायांमधून जाणारा क्रॉच स्ट्रॅप आणि मागे पिशवी, तिलाच विंग म्हणतात. प्रत्येक भाग सुटा. पट्टा झिजला तर पट्टाच बदला, पिशवी फाटली तर पिशवीच. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत मॉड्युलर. क्रॉच स्ट्रॅपमुळे ते कानांपर्यंत सरकत नाही, म्हणजे माझ्याबाबतीत अंदमानात जे झालं तो प्रकार इथे होत नाही. तोटा: पृष्ठभागावर खूप हवा भरली तर ते तुम्हाला तोंडावर पाडू बघतं. उपाय सोपा आहे, गच्च भरायचं नाही आणि खुर्चीत रेलल्यासारखं मागे झुकायचं. पण सवय लागते, पहिल्या दिवशी चिडचिड होते.

किती लिफ्ट पुरते?

दुकानदार सांगतो, "वीस किलो लिफ्ट आहे सर, एकदम सेफ." गाडी घेताना सीसी बघतो तसं आपण लिफ्ट बघतो. पण गरम पाण्यात किती लागते ते मोजू.

आपल्याकडच्या डाइव्ह सेंटरवर सर्रास मिळणारी टाकी म्हणजे अॅल्युमिनियमची, आतून ११.१ लिटरची. दोनशे बारला भरली की तिच्यात सव्वादोन हजार लिटर हवा असते. हवेला वजन असतं, लिटरला सव्वा ग्रॅमच्या आसपास. म्हणजे डाइव्हभरात तुम्ही दोन किलोंहून थोडी जास्त हवा श्वासावाटे खर्च करता. भरलेली टाकी पाण्यात किंचित बुडते, रिकामी होत आली की दीड-दोन किलोंनी तरंगू लागते. म्हणून शिसं नेहमी डाइव्हच्या शेवटासाठी ठरवायचं आणि सुरुवातीला तेवढे जड राहायचं.

दुसरी गोष्ट सूट. तीन मिलिमीटरच्या वेटसूटमध्ये बुडबुडे असतात, खोलवर ते दबतात आणि सूट आपला तरंगण्याचा जोर गमावतो. पातळ सूटला धरून चला जास्तीत जास्त दोन किलो.

दोन अधिक दोन, चार. थोडं जादा धरून पाच किलो. दुसरी अट अशी, की तुम्ही बीसीडी काढून पाण्यात ठेवला तर टाकी, रेग्युलेटर आणि पाटीसकट तो बुडता कामा नये. स्टीलची पाटी धरली तरी ते चार-पाच किलोंत बसतं. त्यावर शिसं लावलं असेल तर ते मिळवा. म्हणजे एका टाकीसाठी, गरम पाण्यात, दहा ते तेरा किलो लिफ्टची विंग भरपूर झाली. वीसची घेतली तर रिकामं कापड टाकीभोवती फडफडतं, पाणी अडवतं आणि हवा कोपऱ्यात अडकते.

थंड पाण्याचं गणित वेगळं. सात मिलिमीटरचा सूट घालणाऱ्यांचे व्हिडिओ बघून मालवणसाठी खरेदी करू नका. आपलं पाणी बहुतेक हंगामात २७-२८ अंशांच्या आसपास असतं.

घाट की विमान?

आता प्रवास. इथे माझी सगळ्यात मोठी गफलत झाली होती, तुमची होऊ नये.

मी वाचलं होतं, की स्टीलची पाटी भारी, कारण तिचं वजन शिशाचं काम करतं. खरं आहे. माझी स्टीलची पाटी २.४ किलोंची आहे. पाण्यात तिचा खालचा जोर साधारण दोन किलो. शिवाय जॅकेटचं स्वतःचं तरंगणं गेलं, ते पाऊण किलो धरा. म्हणजे चार किलोंतून पावणेतीन गेले, बेल्टवर राहिलं एक-सव्वा किलो. अॅल्युमिनियमची तशीच पाटी हवेत एक किलोच्या आत आणि पाण्यात अर्धा किलो. तिच्यासोबत बेल्टवर जवळपास तीन किलो लागतं.

मग स्टीलच चांगली ना? मालवणसाठी, हो. पिंपरीहून कोल्हापूर, मग घाट उतरून कणकवली, मालवण. गाडीच्या डिकीत अडीच किलो जास्त काय, कमी काय.

पण पुण्याहून विमानाने चेन्नई किंवा बेंगळुरूमार्गे पोर्ट ब्लेअर, म्हणजे आताचं श्री विजयपुरम, आणि पुढे फेरी. देशांतर्गत साध्या तिकिटावर चेक-इनला बहुतेक पंधरा किलो, हातात सात. रेग्युलेटर अडीच-तीन किलो, फिन्स दोन, सूट दीड-दोन, मास्क, कॉम्प्युटर, सिग्नलचा फुगा आणि रील मिळून दीड. आठ-साडेआठ झाले. त्यात चार किलोंचं जॅकेट टाकलं की कपड्यांना अडीच किलो. आणि शिसं? शिसं प्रत्येक डाइव्ह सेंटरवर मिळतं, डाइव्हच्या पैशांतच धरलेलं असतं. म्हणजे स्टीलची पाटी विमानात नेणं म्हणजे जी वस्तू तिकडे फुकट मिळते, ती इकडून पैसे भरून नेणं. भाजी मंडईत जाताना घरून बटाटे न्यावेत तसं.

म्हणून विमानासाठी अॅल्युमिनियमची पाटी, कापडी पाटी किंवा ट्रॅव्हल बीसीडी. आणि प्रामाणिकपणे सांगतो, अॅल्युमिनियमची पाटी, पट्टा, विंग आणि टाकी बांधायचे दोन पट्टे मिळून सव्वातीन किलोंच्या घरात जातं. चांगला ट्रॅव्हल बीसीडी त्याहून हलका असतो. इंटरनेटवरचे विंगभक्त हे सांगत नाहीत.

जाता जाता: रेग्युलेटर आणि डाइव्ह कॉम्प्युटर हातातल्या बॅगेत ठेवा. टॉर्चच्या सुट्या लिथियम बॅटऱ्याही हातातच, चेक-इनमध्ये चालत नाहीत. सुरी किंवा कटर मात्र चेक-इनमध्ये.

भोसरीतली पाटी

आता तो भाग, ज्यासाठी तुमच्यापैकी अर्धे जण थांबलेत.

बॅकप्लेट म्हणजे शेवटी काय? तीन मिलिमीटरचा पत्रा, कापलेला, भोकं पाडलेला, दोन-चार ठिकाणी वाकवलेला. आणि आपण राहतो कुठे? भोसरी, तळवडे, चाकण. इथे गल्लोगल्ली लेझर कटिंग मशीन आहे. परदेशातून पाटी मागवणं म्हणजे नारळ विकत घ्यायला कोकणातून पुण्याला येण्यासारखं. सोसायटीतल्या एका मित्राच्या वडिलांचं भोसरी एमआयडीसीत शॉप आहे. मी डीएक्सएफ फाइल घेऊन गेलो. गेलो तो नेमका गुरुवारी. लाइट नाही, शटर अर्धं खाली. काका म्हणाले, "अरे, इथला मुलगा ना तू? गुरुवारी कोण येतं?"

शुक्रवारी परत गेलो. काकांनी स्क्रीनवर ड्रॉइंग बघितलं.

"हे काय आहे? गाडीचं ब्रॅकेट?"

"नाही काका, पाठीला बांधायचं. समुद्रात."

"मटेरियल?"

"एसएस. ३०४ पडलंय ना तुमच्याकडे कटिंगमधून उरलेलं?"

काकांनी चष्म्यावरून बघितलं. "समुद्रात म्हणतोस आणि ३०४ मागतोस?"

पण मी हट्टाने ३०४ चीच केली, कारण ती फुकट होती. मालवणच्या दोन ट्रिपा झाल्या आणि पाटीवर चहा सांडल्यासारखे तपकिरी डाग आले. काकांना दाखवली. त्यांनी दोन चुका सांगितल्या. एक, ३१६ मध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, ते मिठाच्या पाण्यातल्या क्लोराइडला तोंड देतं. ३०४ मध्ये ते नसतं. दुसरी चूक माझी एकट्याची: कडा घासायला मी घरी जी ग्राइंडरची डिस्क वापरली, तिच्यावर आधी साधं लोखंड घासलेलं होतं. लोखंडाचे कण स्टेनलेसमध्ये रुतले आणि तेच गंजले. काका म्हणाले, "एसएसची डिस्क वेगळी ठेवायची असते. हे आमच्या हेल्परलापण माहितीये, बीटेक साहेब."

तिसरी चूक जास्त गंभीर होती, आणि ती काकांच्या लक्षात आली. त्यांनी पट्टा ओढून बघितला. ज्या खाचेतून खांद्याचा पट्टा जातो, तिथे त्याचे धागे सुटायला लागले होते. लेझरने कापलेली कड तळहाताला गुळगुळीत वाटते, पण पट्ट्याला ती करवतीसारखी असते. काकांनी प्रत्येक खाच दोन्ही बाजूंनी गोल करून दिली आणि वर म्हणाले, "पत्र्याचं काम माझं. पण ही पिशवी, हा नळ, हे बकल, यातलं काही इथे बनवायला आणू नकोस."

दुसरी पाटी ३१६ ची केली. तीच अजून वापरतोय. काकांचं शेवटचं वाक्य मी तुम्हालाही सांगतो: पाटी घरच्या शॉपमध्ये करा हवी तर, पण विंग, इन्फ्लेटर आणि टाकीचे पट्टे विश्वासू कंपनीचेच घ्या. पत्रा बिघडला तर डाग पडतो. व्हॉल्व्ह बिघडला तर माणूस वर उडतो किंवा खाली जातो. ज्यांना पाटी करायची आहे त्यांच्यासाठी एक माप: मधल्या बोल्टच्या भोकांमधलं अंतर, केंद्रापासून केंद्रापर्यंत, ११ इंच म्हणजे २७९ मिलिमीटर ठेवा. हे जगभर ठरलेलं माप आहे, म्हणजे कुठलीही विंग बसते.

सगळं शिसं पाटीवर नको

हे वेगळं सांगतोय, कारण स्टीलच्या पाटीच्या नादात लोक विसरतात. समजा डाइव्हच्या सुरुवातीलाच, तळाशी, विंग फाटली. टाकी भरलेली, सूट दबलेला, तुम्ही चारेक किलो जड. पाय मारत वर येता आलं पाहिजे, आणि नाही आलं तर काहीतरी टाकून देता आलं पाहिजे. पाटी टाकून देता येत नाही. म्हणून बेल्टवर किंवा खिशात, एका हाताने सुटेल असं थोडं तरी शिसं ठेवा. सडपातळ माणसाला स्टीलच्या पाटीसोबत बेल्टवर काहीच लागत नसेल, तर त्याने अॅल्युमिनियमचीच घ्यावी, गाडीने जात असला तरी.

आणि नवीन सेटअप पहिल्यांदा थेट समुद्रात नेऊ नका. आधी पूल, आणि सोबत प्रशिक्षक. तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे, पुण्यातही पूलमध्ये शिकवणारे आहेत. हवा कुठल्या व्हॉल्व्हने कुठल्या स्थितीत निघते, हे हाताला पाठ झालं पाहिजे. उभे असाल तर नळ वर धरा, आडवे असाल तर मागचा खालचा व्हॉल्व्ह ओढा. इन्फ्लेटरचं बटण अडकून आपोआप हवा भरत सुटली, तर पहिलं काम त्याचा होज काढणं. हे बघता न बघता करता यायला हवं.

मग काय घ्यायचं?

वर्षाला चार-पाचच डाइव्ह होत असतील तर काहीच घेऊ नका. आधी नीट बसणारा मास्क, मग डाइव्ह कॉम्प्युटर. बीसीडी भाड्याने घ्या, पण आपल्या मापाचा मागून घ्या आणि बेल्टवर किती किलो आहे ते स्वतः मोजा. लाजू नका. मी लाजलो होतो.

जास्त करून गाडीने मालवण, गोवा, मुरुडेश्वरजवळचं नेत्राणी असं फिरत असाल, तर ३१६ स्टीलची पाटी आणि दहा-तेरा किलोंची विंग उत्तम. जास्त करून विमानाने जात असाल तर अॅल्युमिनियमची पाटी किंवा ट्रॅव्हल बीसीडी. लाटांवर वाट बघणं, खिसे, आराम महत्त्वाचा असेल तर मापाचं जॅकेट. त्यात कमीपणा काही नाही.

माझ्या बहिणीचंच बघा. माझं सगळं कौतुक ऐकून तिने माझी पाटी बांधून बघितली. तिची उंची पाच फुटांच्या जरा खाली, पाठ लहान. पाटीची खालची कड कमरेच्या हाडावर टोचायला लागली. तिने बॅक-इन्फ्लेट ट्रॅव्हल बीसीडी घेतला, सव्वादोन किलोंचा, आणि ती माझ्यापेक्षा छान आडवी तरंगते. माझ्यासाठी बरोबर ते तिच्यासाठी बरोबर नव्हतं.

घरी आणल्यावर: प्रत्येक ट्रिपनंतर आतही गोडं पाणी भरा, हलवा, काढा. अर्धवट फुगवून सावलीत वाळवा. पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, आपल्याकडचं डायव्हिंग बंद असतं आणि बुरशी जोरात असते. त्या चार महिन्यांत बॅगेत कोंबून ठेवलात, तर ऑक्टोबरमध्ये उघडताना नाक धरावं लागेल.

गेल्या हंगामात आम्ही दोघं पुन्हा हॅवलॉकला गेलो. मी सेंटरवर तीन किलो शिसं मागितलं. समोरचा मुलगा म्हणाला, "सर, पाच घ्या, सेफ राहील." मी म्हटलं, "तीनच दे." पाच मीटरवर तीन मिनिटं थांबलो. बहीण हाताच्या अंतरावर होती. तिने कॉम्प्युटर बघितला, माझ्याकडे बघितलं, ओकेची खूण केली.

चला, पुढच्या भागात रेग्युलेटरच्या सर्व्हिसिंगबद्दल बोलू. तोपर्यंत मोजून बांधा, आणि मोजूनच वर या.